परवा म्हणजे कधी

बरकतपुरा, हैदराबाद
९ जून २०२४

प्रिय रसिका,

शुक्रवारी तुझं पाकीट आलं. नांदेडचा शिक्का आणि तुझं अक्षर बघून मी जिन्यातच बसले. खालच्या सुशीलाबाईंना वाटलं मला चक्कर आली, त्या तांब्याभर पाणी घेऊन आल्या. आत अर्ध्या कागदावर एवढंच होतं: 'अँब्युलन्समध्ये ईएमटी म्हणून लागायला काय करावं लागतं ते लिहून पाठव. फोन करू नको.'

फोन कुठून करणार होते, बाई? माझा नंबर तू तीन वर्षांपूर्वीच ब्लॉक करून टाकलास. आबासाहेब मामांना फोन केला की ते 'ती बाहेर गेलीय' म्हणतात आणि मागून तुझ्या शिंकेचा आवाज येतो. तुझी शिंक मी ओळखणार नाही असं त्यांना वाटतं. तू जन्मलीस तेव्हा मी दहावीला होते आणि तुझं नाक मीच पुसत आले आहे.

तर, विचारलंस तेवढंच सांगते. तुझी मायक्रोबायॉलॉजीची डिग्री चालेल. वय तिशीच्या आत हवं, तू सत्तावीसची आहेस. कागदपत्रं दहावीपासूनची सगळी लागतात. तुझी दहावीची मार्कलिस्ट इथंच आहे, आईच्या स्टीलच्या डब्यात, रेशनकार्डाखाली. पोस्टानं पाठवू की घ्यायला येशील? असू दे, पाठवतेच.

लेखी परीक्षेचं तुला काही वाटणार नाही. खरी गंमत त्यानंतर. एका रबरी बाहुलीच्या छातीवर दाब द्यायला लावतात. तेव्हा कोपर वाकवायचं नाही, खांद्यातून जोर द्यायचा, आणि मोठ्यानं मोजायचं. घरी घट्ट उशीवर सराव कर. मग स्ट्रेचर उचलायला लावतात. पोरीला जमणार नाही असं धरूनच चालतात, म्हणून आधी गुडघ्यात वाक आणि पाठ सरळ ठेवून उठ. तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधून माणूस खाली आणायचा तर हेच कामाला येतं.

आणि गाडी चालवणाऱ्याला ड्रायव्हर म्हणायचं नाही, पायलट म्हणायचं. पहिल्या दिवशी मी ड्रायव्हर म्हणाले आणि आमचा पायलट आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तेव्हा मला तो फार मोठा अबोला वाटला होता.

हे सगळं इंग्रजीत लिहिलं असतं तर तू दोन मिनिटांत वाचून बाजूला ठेवलं असतंस. मी जामबागला मराठी शाळेत शिकले, तू इंग्रजी शाळेत. मराठीत तुला जोडाक्षरं लावत बसावं लागेल, अर्धा तास तरी जाईल. तेवढा वेळ तू माझ्याजवळ बसल्यासारखं होईल, म्हणून मुद्दाम मराठीत लिहिलं आहे. अक्षर मात्र मोठं काढलंय.

खाली अक्का लिहिलं तर तुला राग येईल, म्हणून नाव लिहिते.

सुलभा


बरकतपुरा
३० जून

प्रिय रसिका,

मार्कलिस्ट पोचली हे तुझ्या चिठ्ठीवरून कळलं. 'मुलाखतीत काय विचारतात?' एवढंच लिहिलंस. तुझ्या चिठ्ठ्यांपेक्षा आमच्या कंट्रोल रूमचे निरोप मोठे असतात.

मुलाखतीत तुझं ज्ञान कमी आणि तोंड जास्त तपासतात. घाबरलेल्या माणसाशी तू कशी बोलतेस ते बघायचं असतं. समोरचा पेशंट होऊन बसतो आणि तुला प्रश्न विचारायला सांगतो. तेलुगू घासूनपुसून ठेव. नांदेडला राहून विसरली असशील. 'एप्पटि नुंचि?' म्हणजे कधीपासून, हे झोपेतही यायला हवं.

'काही होणार नाही' असं कधीच म्हणू नको. काय होणार ते आपल्याला माहीत नसतं. 'मी इथंच आहे' म्हण, ते खरं असतं. पेशंटला त्याच्या नावानं हाक मार. म्हाताऱ्या बायकांची बांगडी काढायची असली तर आधी विचार. आणि पोरांना बाहेर काढू नको, त्यांनी बरंच काही पाहिलेलं असतं आणि ती खरं सांगतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. 'कधीपासून' हा प्रश्न एकदा विचारून सोडायचा नाही. आपल्या गावात परसों हा शब्द आहे. दिल्लीच्या माणसाला परसों म्हणजे दोनच दिवस. इथल्या माणसाला कालच्या आधीचं जे काही ते सगळं परसों. मागे हिमायतनगरला एका आजोबांच्या छातीवर टाक्यांचा व्रण दिसला. मी विचारलं, "बाबा, ये ऑपरेशन कब का?"

"परसों का."

मी हादरलेच. दोन दिवसांपूर्वी छाती उघडलेला माणूस घरात बसून खिमा खातोय? म्हटलं, "कौनसा परसों, बाबा?"

"अरे परसोंच, तेलंगाना आने के पहले."

पायलट आणि मी परत येईपर्यंत हसत होतो. तेलुगूतलं 'मोन्न' तसंच आणि आपल्या घरातलं 'परवा'ही तसंच झालं आहे. तीन पिढ्यांत इथल्या लोकांनी आपला 'च' उचलला आणि आपण त्यांचा परसों. पुण्याहून आलेल्या कोणाला मी 'परवा भेटले होते' म्हटलं की तो बोटांवर दिवस मोजतो.

म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा. परवा म्हणजे कधी? सणाच्या आधी का नंतर? सकाळी चहा स्वतः केला होता का? नीट बोलत होते तेव्हाचं शेवटचं कधी पाहिलं? असं खिळे ठोकत ठोकत वेळ पक्की करायची. हे मी सोळा वर्षांत शिकले आहे.

जेवतेस ना वेळेवर? याचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

सुलभा


बरकतपुरा
२१ जुलै

रसिका,

'परसोंबद्दल तू मला शिकवू नको.'

चिठ्ठी वाचली. चार वेळा वाचली, आणखी काही आहे का म्हणून कागद उलटूनही पाहिला.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. त्या दिवशी मला तूच फोन केला होतास. मी उप्पलकडे ड्युटीवर होते. 'अक्का, आईचं तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही.' मी विचारलं, कधीपासून? तू आईला विचारलंस आणि मला सांगितलंस, 'परवापासून म्हणतेय.' मेंदूत अडकलेली गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. परवापासून म्हटल्यावर ते दिलं नाही. आई एकोणीस दिवस पडून राहिली आणि गेली. तेराव्याला सगळे पानावर बसलेले असताना मी म्हणाले, 'हिच्या एका शब्दानं आई गेली.' वाढता वाढता तुझ्या हातातला वरणाचा डाव पडला. संध्याकाळी तू मामांबरोबर नांदेडला गेलीस.

हे मी विसरले आहे असं तुला वाटत असेल तर मी विसरलेली नाही.

मग आता हेच काम कशाला करायचं आहे तुला? लॅबमध्ये बरी आहेस. तिथं नळीतलं रक्त गप्प असतं. इथं लोक हाताला धरतात, आणि घरी आल्यावरही ते हात सुटत नाहीत. बारा तासांची पाळी असते, सणवार नसतो. परवा, म्हणजे गेल्या रविवारी, बोनालूच्या जत्रेच्या गर्दीत एका बाईला गाडीतच मुलगी झाली. आजी म्हणाली नाव तुमचंच ठेवते. मी म्हटलं, माझं नको, रसिका ठेवा. नाव ठेवलं की नाही कोण जाणे.

तुला माझं ऐकायचं नसेल तर अर्जाची शेवटची तारीख दहा ऑगस्ट आहे.

सुलभा


बरकतपुरा
११ ऑगस्ट

प्रिय रसिका,

काल तारीख उलटली. तू अर्ज भरलास की नाही मला माहीत नाही, म्हणजे आता मी लिहीन त्याचा तुझ्या ठरवण्यावर परिणाम होणार नाही. याचीच वाट बघत होते. निदान तसं मी स्वतःला सांगत होते. भीती वाटत होती हे जास्त खरं आहे.

मागच्या पत्रात लिहिलेलं सगळं घडलं तसंच आहे. पण मी मला हवं तिथं थांबले. हॉस्पिटलला जाणारे कागद मी सोळा वर्षं भरते आहे, कुठं थांबलं की कागद खोटा होतो हे मला चांगलं कळतं.

तू फोनवर 'परवापासून' म्हणालीस. तू घरातली मुलगी, घाबरलेली, आई म्हणाली ते सांगितलंस. त्या घरात परवा म्हणजे काय असतं ते तुझ्याइतकंच मलाही माहीत होतं. आईचा खांदा दिवाळीपासून आखडलेला होता. तू हाताचं विचारलंस, तिनं हाताचं सांगितलं. दुसरा प्रश्न विचारायचं काम माझं होतं. मी विचारला नाही. इतर कोणाचीही आई असती तर विचारला असता. आपल्या माणसाचं आपल्याला सगळं कळतं असं वाटलं, बाकी काही कारण नाही.

मी फोन ठेवला आणि लगेच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला लावला. ओळखीची माणसं होती. म्हटलं, मी तिची मुलगी, ईएमटी आहे, त्रास दोन दिवसांपासूनचा आहे. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणजे तू 'परवा' म्हणालीस आणि 'दोन दिवस' मी म्हणाले. आई तिथं पोचायच्या आधीच तिची वेळ मी संपवून टाकली होती.

हे तुला कदाचित कळलंही असेल. पुढचं तुला माहीत नाही.

मी अकरा वाजता पोचले. तू दारात उभी होतीस, पायात दोन वेगळ्या चपला. तू म्हणालीस, 'अक्का, हे परवाचं नाही. आठ वाजता तिनं मला चहा करून दिला, गाळणी याच हातात धरली होती. मी सांगतेय, पण कोणी ऐकत नाही, म्हणतात तुमच्या ताईंनी आधीच सांगितलंय.' मी तुला म्हटलं, 'आता उशीर झालाय.'

उशीर झाला नव्हता, रसिका. आठपासून साडेचार तास म्हणजे साडेबारा. दीड तास हातात होता. मी घड्याळ पाहिलं होतं.

मी डॉक्टरांच्या टेबलापर्यंत गेले. तिथं दोन नर्स होत्या, त्यांना मीच कधीतरी वेळ कशी विचारायची ते शिकवलं होतं. त्यांच्यासमोर म्हणायचं होतं की मी चुकीचं सांगितलं. तोंड उघडलं आणि विचारलं, 'बेड मिळेल का?' आणि परत आले.

इंजेक्शननं आई वाचलीच असती असं कोणी सांगू शकत नाही. काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. गेली तीन वर्षं मी हे स्वतःला रोज सांगते. पण तिला ते मिळायला हवं होतं आणि माझ्यामुळे मिळालं नाही. त्यानंतर तेराव्याला कोणीतरी विचारलं की इतकी शिकलेली मुलगी घरात असून असं कसं झालं, आणि मी सगळं तुझ्या अंगावर ढकललं. मी तुला वाढवलं होतं. तू सहन करशील असं वाटलं असेल. तू उलटून एक शब्द बोलली नाहीस, यावरूनच मला कळायला हवं होतं की तुला ते खरं वाटलं.

ते खरं नव्हतं. आबासाहेब मामांनाही मी वेगळं पत्र टाकलं आहे, हेच सगळं लिहून. आता घरात कोणी तुला बोल लावला तर ते त्यांना माझ्याकडे पाठवतील.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं तर तुला उत्तर द्यावं लागेल.

तू निघून गेल्यापासून मी चहा एकच कप करते आणि गाळणी धुताना मला तुझ्या दोन चपला आठवतात. मला तुझी फार आठवण येते. घरात शिंक ऐकू आली नाही तर घर इतकं मोठं वाटतं हे मला माहीत नव्हतं.

सुलभा


बरकतपुरा
१५ सप्टेंबर

प्रिय रसिका,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलं नव्हतं, तरी पोस्टमनला दोनदा अडवलं. त्यानं मला बीपीच्या गोळ्या विचारल्या, एवढाच फायदा झाला.

परीक्षेला बसणाऱ्यांची यादी ऑफिसच्या भिंतीवर लागली आहे. तुझं नाव एकोणिसावं आहे. तिथं उभं राहून मी ते वाचलं आणि पायलट हॉर्न वाजवत राहिला. अठ्ठावीस तारखेला लेखी, त्याच दिवशी बाहुली आणि मुलाखत.

मुलाखत अप्पाराव घेतात. मी नोकरीला लागले तेव्हा स्ट्रेचरचं दुसरं टोक धरणारे तेच होते. त्यांना मी तुझ्याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुला लागलीच तर ती नोकरी तुझी असू दे.

अठ्ठावीसला मी मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाला ड्युटी मागून घेतली आहे. माझी गाठ पडेल म्हणून गेटपाशी घुटमळू नको. सकाळी पोटभर खाऊन जा. नखं काप, अंगठी काढून ठेव, बंद बूट घाल. केस घट्ट बांध, तुझी बट नेहमी उजवीकडून सुटते.

घराची किल्ली सुशीलाबाईंकडे ठेवली आहे. कूलर दुरुस्त करून घेतलाय. हे फक्त माहिती म्हणून.

सुलभा


बरकतपुरा
६ ऑक्टोबर

प्रिय रसिका,

अठ्ठावीसला ड्युटी संपवून घरी आले तेव्हा किल्ली सुशीलाबाईंच्या खिळ्यावरच होती. मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, कोणी आलं होतं का. त्या म्हणाल्या, गॅसवाला. मी दोघींपुरता भात टाकला होता, तो दुसऱ्या दिवशी फोडणीला घातला.

गुरुवारी मास्क आणायला स्टोअरमध्ये गेले तर अप्पाराव भेटले. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुझ्या बहिणीचं तू मला सांगितलं नाहीस, मी आडनाव बघून ओळखलं, पण गप्प राहिलो. मग त्यांनी सगळं सांगितलं. तुला तुझंच सांगते आहे खरी, पण मला ते लिहून बघायचं आहे.

ते पेशंट होऊन बसले होते. डावा हात लुळा सोडून म्हणाले, "परसों से ऐसाच है." त्या दिवशी सव्वीस जण आले होते. पंचवीस जणांनी कागदावर दोन दिवस लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला. तू पेन खाली ठेवलंस. त्यांच्या शेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसलीस आणि विचारलंस, परसों म्हणजे कधी? त्यांनी मुद्दाम 'परसोंच' म्हटलं. तू विचारलंस, गणपती बोळवायला गेला होतात का? तेव्हा हात चालत होता का? आज सकाळी चहा कोणी केला? गाळणी कुठल्या हातात होती?

अप्पाराव म्हणाले, गाळणीचा प्रश्न मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही. ते त्यांना समजलं नाही आणि मी समजावलं नाही. मी मास्कची खोकी मोजत राहिले, कितीतरी वेळा.

तू उठताना त्यांना राहवलं नाही. विचारलं, "तुम्हारी अक्का यहींच काम करती ना? मिलते क्या तुम दोनों?"

अप्पाराव म्हणतात, तू केस कानामागे सारलेस. म्हणजे बट सुटली होती. मग म्हणालीस, "हौ सर. अक्का परसोंच मिली."

निवड झालेल्यांत तुझं नाव पहिलं आहे. दसरा झाला की इथंच ट्रेनिंग सुरू होईल, पत्र येईलच तुला. कुठं राहायचं ते तू ठरव. किल्ली त्याच खिळ्यावर आहे.

आपल्याला भेटून तीन वर्षं, सात महिने आणि अकरा दिवस झाले, मला आकडा पाठ आहे. तू त्या परसोंत ते सगळं घातलंस का, की अप्पारावांना टाळायला पटकन सुचेल ते बोललीस, मला माहीत नाही. अप्पाराव माझ्यासमोर उभे होते, विचारता आलं असतं.

सोळा वर्षांत दुसऱ्यांदा मी दुसरा प्रश्न विचारला नाही, या वेळी मुद्दाम.

तुझी
अक्का